नॉइजचं खापर सेन्सरवर फोडण्याआधी: सहा आठवड्यांची नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, आता जुना झालाय, संध्याकाळच्या फोटोंत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, फार येतो, बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बदलायला हवी. ते वाक्य मी मागे घेतोय. गेले सहा आठवडे एकच सीन परत परत काढतोय. टेबलावर लोकरीचे दोन गोळे, एक लाल एक निळा, मागे एक जाड पुस्तक ज्याच्या कण्यावर बारीक अक्षरं आहेत, आणि कडेला पिवळ्या बल्बचा दिवा जो फ्रेममध्ये अर्धवट दिसतो. बॉडी २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी (सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा), लेन्स ५० एमएम, कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस एकदा हाताने लावून रिंगवर टेप चिकटवून टाकली. सेन्सर नक्की काय करतो आणि त्याच्यानंतर प्रोसेसिंग काय करतं, हे एकदा वेगवेगळं करून बघायचंच असं ठरवलं होतं.

पहिला आठवडा जवळजवळ वाया गेला, पण का गेला ते सांगतो कारण हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. मेनूत जाऊन नॉइज रिडक्शन बंद केलं आणि आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड किती वर उचलायचा तो आकडा, १०० पासून ६४०० पर्यंत वाढवत फोटो काढत गेलो. ३२०० च्या जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने प्रोसेस करून दिलेली तयार फाइल) लोकरीचे तंतू गायब, ओल्या बोटाने पुसून काढावेत तसे. मी वहीत लिहूनसुद्धा टाकलं की सेन्सरची धाव इथपर्यंतच. चार दिवसांनी कळलं की मेनूत नॉइज रिडक्शनच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक लाँग एक्स्पोजरची आणि एक हाय आयएसओची, आणि मी बंद केली होती ती पहिली. तिचा इथे काही संबंधच नाही, तिच्यात कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो आणि हॉट पिक्सेल वजा करतो, बस. दुसरी आपली नॉर्मलवर चालूच होती. नशिबाने रॉ (सेन्सरचे कच्चे आकडे) आणि जेपेग दोन्ही सेव्ह होत होतं, त्याच फ्रेमची रॉ उघडली तर तंतू होते की! दाणेदार होते, पण एकेक मोजता येत होता. म्हणजे सेन्सरने पकडलेलं होतं आणि कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरने दाण्यांबरोबर तंतूपण पुसून टाकले होते.

मग दुसऱ्या आठवड्यात जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. रॉथेरपी ह्या रॉ उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिमोझेकची, म्हणजे पिक्सेलने न पकडलेले रंग शेजाऱ्यांवरून भरायची, पद्धत निवडतो तिथे 'नन' असा एक पर्याय आहे, त्यात सेन्सरचा पॅटर्न कच्चाच दिसतो. तो लावून लाल गोळ्यावर ८०० टक्के झूम केलं. सगळीकडे चौकोनच चौकोन, दर चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, हा तो कोडॅकच्या ब्राइस बायरचा १९७६ च्या पेटंटमधला पॅटर्न जो आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. हिरवे दुप्पट कारण डोळ्याला उजेडाचा बारकावा हिरव्यात जास्त कळतो. पुस्तकाच्या पानांच्या पांढऱ्या कडेवर सगळे चौकोन उजळलेले होते. पण लाल गोळ्यावर चारातला एकच चौकोन पेटलेला आणि बाकी तीन जवळजवळ काळे! २४ मेगापिक्सेलपैकी लालचे मोजून ६० लाख पिक्सेल, लोकरीची सगळी वीण त्यांनीच पकडायची, उरलेलं सॉफ्टवेअर शेजाऱ्यांकडे बघून भरणार. तसं बघायला गेलं तर रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे असे अंदाजानेच भरलेले असतात, हे मी दहा वेळा वाचलं होतं पण डोळ्यांनी बघितल्यावर जे पटलं ते वाचून पटलं नव्हतं.

निळ्या गोळ्याची गोष्ट वेगळी. तो कायम लालपेक्षा जास्त दाणेदार यायचा आणि मला वाटायचं सेन्सर निळ्यात कच्चा आहे. पण पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा मुळातच कमी असतो, मग व्हाइट बॅलन्स नीट दिसावा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं, म्हणून सॉफ्टवेअर निळ्या चॅनलला मोठ्या आकड्याने गुणतं, माझ्या फाइलमध्ये तो गुणक अडीचच्या वर होता, आणि गुणलं की नॉइजपण गुणला जातो. तोच गोळा खिडकीपाशी नेऊन त्याच एक्स्पोजरला काढला तर निम्मी तक्रार तिथेच संपली. लाल गोळ्यात उलटा प्रकार, जेपेगमध्ये पिक्चर प्रोफाइल व्हिविड (भडक रंगांचं) होतं, त्यामुळे लाल चॅनल सरळ २५५ ला, म्हणजे जेपेगच्या कमाल आकड्याला, जाऊन आपटला आणि उजळ बाजूची वीण सपाट झाली, रॉमध्ये मात्र तिथे अजून जागा शिल्लक होती. कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्रामसुद्धा (फोटोत अंधार-उजेड किती ते दाखवणारा आलेख) त्या जेपेगवरूनच बनतो हे लक्षात ठेवा. मी आता प्रोफाइल न्यूट्रलवर ठेवलंय, स्क्रीनवर फोटो फिका दिसतो पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ असतो.

आता मुख्य प्रयोग, तिसरा आठवडा. तीन फोटो, तिन्हीला एफ/४, म्हणजे लेन्सचं तोंड सारखंच उघडं. पहिला १/६० सेकंद आयएसओ ३२००. दुसरा १/६० सेकंदच पण आयएसओ १००, आणि मग कॉम्प्युटरवर ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर ढकललेला. तिसरा १/२ सेकंद आयएसओ १००, म्हणजे ५ स्टॉप जास्त उजेड, ३२ पट. तिसरा लोण्यासारखा स्वच्छ आला, ते अपेक्षितच होतं. पण पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी ठेवले तर नॉइज जवळजवळ सारखा! दुसऱ्याच्या अगदी काळ्या भागात बारीक आडवे पट्टे आणि थोडी जांभळट झाक होती, एवढाच फरक. उलट दुसऱ्यात दिव्याची शेड शाबूत होती आणि पहिल्यात ती पांढरी फटक होऊन उडाली होती. 'आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला' हे वाक्य मी कित्येक वर्षं बोलत आलोय, आणि ते उलट्या बाजूने धरलेलं होतं. नॉइज येतो तो उजेड कमी मिळाल्यामुळे, आयएसओ फक्त मिळालेलं वर उचलतो. उजेड स्वतःच दाण्यादाण्याने येतो, पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर त्यात साधारण १० चा चढउतार राहणारच, म्हणजे १० टक्के, आणि १०,००० पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. कितीही महागडा सेन्सर आणला तरी हा चढउतार जात नाही कारण तो सेन्सरचा नाहीच. सेन्सरचा स्वतःचा असतो तो रीड नॉइज, म्हणजे पिक्सेलचा आकडा वाचताना पडणारी भर, आणि तो माझ्या बॉडीत फक्त त्या पट्ट्यांपुरता दिसला. जुन्या बॉडींमध्ये रीड नॉइज जास्त असतो, तिथे दुसरा फोटो पहिल्यापेक्षा बराच खराब येईल, त्यामुळे स्वतःच्या बॉडीवर करून बघितल्याशिवाय माझं ऐकू नका.

हेच ५ स्टॉप ढकलणं मी जेपेगवरपण करून बघितलं. नुसते डाग आणि ८ बाय ८ चे चौकोनी ठोकळे. साहजिक आहे, १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६, त्यातल्या अंधाऱ्या भागाला मिळतात त्या किती.

चौथ्या आठवड्यात डिमोझेकच्या पद्धती बदलून बघितल्या, थोडक्यात सांगतो. आयएसओ १०० ला अमेझ नावाच्या पद्धतीने कण्यावरची अक्षरं सगळ्यात कापीव येतात, पण ६४०० ला तीच पद्धत नॉइजलाच बारकावा समजून अळ्यांसारखे आकार काढते, तिथे एलएमएमएसई ही दुसरी पद्धत जास्त शांत वाटली.

पाचवा आठवडा स्टॅकिंगचा. १/६० ला आयएसओ ३२०० वर एकाच सीनचे १६ फोटो, मग त्यांची सरासरी. चढउतार वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे १६ फोटोंत एक चतुर्थांश. निळ्या गोळ्यावर एक सुटलेला तंतू आहे, केसाएवढा, जो एकट्या फ्रेममध्ये मी शोधूनही सापडत नव्हता, तो सरासरीत सरळ रेघ होऊन समोर आला. त्या रात्री ती फाइल मी किती वेळा उघडली असेल! आणि ह्यात पुसापुशी काही नाही, फक्त बेरीज आणि भागाकार. फोनचा एवढासा सेन्सर रात्रीचे फोटो कसे काढतो तर असाच, शटर दाबलं की तो फ्रेमचा आख्खा झुबका घेतो आणि जुळवून एक करतो. अर्थात हलणाऱ्या गोष्टींना हे चालत नाही, घड्याळ ठेवून बघितलं तर सेकंदकाट्याची भुतं आली.

सहाव्या आठवड्यात एका मित्राने त्याची ४५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी दोन दिवस दिली. १०० टक्के झूमला दोघांचा नॉइज जवळपास सारखा दिसला आणि मी क्षणभर खूश झालो, पण ती तुलना बरोबर नाही, कारण त्याच्या फोटोत पिक्सेलच जवळजवळ दुप्पट आहेत. दोन्ही फोटो ३००० पिक्सेल रुंदीला आणले तेव्हा खरा फरक दिसला, साधारण एका स्टॉपहून थोडा जास्त. गणितही तेच सांगतं, ३६ बाय २४ मिलिमीटर म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर, आणि माझा २३.५ बाय १५.६ म्हणजे ३६७ च्या आसपास, म्हणजे त्याच एफ नंबरला आणि त्याच शटरला त्याला २.४ पट उजेड. हा फरक सेन्सरचा, तो मी मान्य करतो. पण पहिल्या आठवड्यात पुसले गेलेले तंतू, बल्बखालचा निळा, उडालेला लाल, ह्यातलं काहीच नवी बॉडी घेऊन सुटलं नसतं, तिथे उजेड आणि सेटिंगच बदलायला लागली.

बॉडी तूर्त बदलत नाहीये. संध्याकाळी जिथे चालेल तिथे ट्रायपॉड आणि हळू शटर, नाहीतर १६ फ्रेम. हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ऑफ आणि नेहमी रॉ. एक गोष्ट अजून अडलीये, कण्यावरच्या अक्षरांभोवती जेपेगमध्ये बारीक पांढरी कड येते, शार्पनिंग शून्यावर आणूनही ती पूर्ण जात नाही आणि रॉमध्ये तिचा पत्ता नाही, पुढचे दोन आठवडे तिच्यामागे घालवणार आहे. आणि तुमच्यापैकी कुणी आयएसओ १०० ची फाइल ५ स्टॉप ढकलून बघितली तर पट्टे कितव्या स्टॉपला दिसायला लागतात ते बॉडी किती जुनी आहे ह्यासकट नक्की सांगा, माझ्या बॉडीत चौथ्यापर्यंत काही नाही आणि पाचव्याला एकदम दिसतात.