तुम्ही विचारलंत म्हणून: वरचं दूध सुरू करू का?

"बाळ दहा दिवसांचं झालं, अंगावरचं पुरत नाही, डब्याचं दूध सुरू करू का?" बाळंतपणाला नाशिकला माहेरी आलेल्या मुली आणि त्यांच्या आया आम्हाला हे सतत विचारतात. बाळंतिणींना पाजायला शिकवणं हे आमचं रोजचं काम, म्हणून सविस्तर सांगतो.

बाळ रडतंय एवढ्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका. संध्याकाळी दोन-तीन तास सारखं प्यायला मागणं हे नवजात बाळाचं नेहमीचं वागणं आहे. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि शी पिवळी व्हायला हवी. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच. ते 10 टक्क्यांपर्यंत उतरलं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर आलं नाही, लंगोटावर पाचव्या दिवशीही विटकरी डाग दिसले किंवा बाळ प्यायलाच उठत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. इथे उद्याची वाट पाहू नये.

एवढी घाई नसेल तर आधी पकड बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात. पिऊन झाल्यावर बोंड चपटं निघत असेल तर बाळ फक्त टोक चावतंय. दुखतंही त्यामुळेच आणि दूध उरतंही त्यामुळेच. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजा. सिझेरियननंतर पान्हा एखादा दिवस उशिरा फुटतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा, बाळंतिणीला ताकद हवीच; पण दूध वाढतं ते स्तन वारंवार रिकामे झाल्याने.

हे सगळं करूनही पुरत नाही, असं होतं. थायरॉइड, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया अशी कारणं असतात. कधी आई पार थकलेली असते आणि विचार करून थांबायचं ठरवते. त्या बाईला घरात कुणी बोल लावू नये. बाळाचं पोट भरणं हे आईपणच आहे.

खरी काळजी डबा उघडल्यावर घ्यायची. सहा महिन्यांपर्यंतचा, पहिल्या टप्प्याचा डबा घ्या. भद्रकालीच्या दूध बाजारातलं दूध कितीही ताजं असलं तरी गाईचं-म्हशीचं दूध वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी चालत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी 70 अंशांपेक्षा थंड नको. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर आधी गाळा, मग खळखळून उकळा. लिटरभर पाणी झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरा. थंडीत छोट्या पातेल्यातलं फार लवकर निवतं. भांडी धुऊन दहा मिनिटं उकळलेली हवीत. आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. बहुतेक डब्यांत 30 मिलिला सपाट एक चमचा असतो, तरी आपल्या डब्यावरचं प्रमाण वाचा आणि त्याच डब्यातला चमचा वापरा. पावडर दाबायची नाही, शिगही ठेवायची नाही.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. "पचायला जड जाईल" म्हणून किंवा डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दूध पातळ केलं जातं. मग पोट फुगेपर्यंत पिऊनही वजन वाढत नाही, आणि फार पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. घट्ट केलं तर शी कडक होते, अंगातलं पाणी कमी होतं. तयार दूध भांडं थंड पाण्यात धरून कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत वापरा. बाळाचं उष्टं तासाभरानंतर ओतून द्या. मायक्रोवेव्ह नको, काही भाग उकळता राहतो.

पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किलोमागे साधारण 150 मिलि. म्हणजे तीन किलोच्या बाळाला 450, आठ वेळांत विभागलं तर दर वेळी 55-60. पहिल्या दिवसांत याहून बरंच कमी लागतं. अंगावर पाजून झाल्यावर वरून द्यायचं असेल तर 20-30 मिलिने सुरुवात करा, शक्यतो वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला बसतं धरून. त्याने तोंड फिरवलं की थांबा. गुटी, साखरपाणी सहा महिन्यांच्या आत काही नको, आणि मध तर वर्षाच्या आत नको. मे महिन्यातल्या उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही.

अंगावरचं पूर्ण बंद करायचं असेल तर दोन-तीन दिवसांनी एकेक वेळ कमी करा. छाती घट्ट बांधू नका, त्याने दूध साकळतं. ठणका लागला तर आराम पडेल इतकंच पिळून काढा आणि कपड्यात बर्फ धरून शेका. गाठ लाल होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. त्या दिवसांत दूध निघत राहायला हवं, एकदम थांबवू नका.