४१६४१६

स्मरणिकेसाठी मजकूर मागवणारं शाळेचं पत्र आलं. पाकिटावर पत्ता छापलेला, शेवटी सांगली ४१६४१६. पाकीट फोडायच्या आधीच मनातल्या मनात तेरानं भागून झालं. ही खोड आमच्या गणिताच्या सरांनी लावलेली.

नववीत होतो. मराठीच्या तासाला पत्रलेखन झालं होतं, फळा तसाच राहिला होता. सर आले, डस्टरनं सगळं पुसलं, पिनकोड तेवढा ठेवला. (पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आजोबांच्या ट्रंकेतल्या त्याआधीच्या कार्डांवर नुसतंच 'सांगली'.)

"सातानं भागा." ५९४८८. "त्याला अकरानं." ५४०८. "आता तेरानं." ४१६! वर्गात हा गलका. सर म्हणाले, जादूबिदू काही नाही. तीन अंकी संख्या दोनदा लिहिली की तिची १००१ पट होते, आणि ७ × ११ × १३ म्हणजेच १००१. खुद्द ४१६ मध्ये पाच वेळा २ आणि आणखी एक १३.

मग गृहपाठ: सगळे विभाजक लिहून आणा. मी वहीची मागची दोन पानं भरली, सत्तर निघाले. सरांनी वही न बघताच सांगितलं, "दोन राहिले. घातांकात एकेक मिळवून गुण. सहा, दोन, दोन, तीन. बहात्तर. आणि राहिलेले एकमेकांचे जोडीदार असणार." खरंच होते: १८२ आणि २२८८. विभाजक जोडीनंच येतात, एकटा उरतो तो फक्त पूर्ण वर्गात. "मग हिला वर्ग करायला काय लागेल?" २, ७ आणि ११ यांचे घात विषम, म्हणून १५४ नं गुणायचं. उत्तर ८००८ चा वर्ग! तो आकडा बघून मी बराच वेळ पेन खाली ठेवलं नव्हतं.

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज ६९०३६८ भरते, म्हणजे संख्येहून जास्त. ही बेरीज मात्र सरांनीच करून दाखवली, आमचा दम संपला होता.

सरांचा खरा जीव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांवर. अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद' नाव दिलं, आनंद देणारी. आपल्या पिनकोडच्या अंकांची बेरीज २२, आणि ४१६४१६ भागिले २२ बरोबर १८९२८. आम्ही बाकं बडवली.

वर्गात मिरजेहून येणारा एक मित्र होता. त्याचा पिनकोड ४१६४१०, बेरीज १६. त्यानं चार वेळा भागून बघितलं, बाकी काही केल्या हटेना. हिरमुसून बसला, आणि तास संपताना एकदम उठून म्हणाला, "सर, आमच्याला दहानं भाग जातो. सांगलीच्याला जातो का?"

परवा फोनवरही त्यानं हेच विचारलं.