तुम्ही विचारलंत म्हणून: चंदेरी सूट मी का शिवत नाही

एकांकिकांचा हंगाम आला की हा प्रश्न येतोच. तालमीच्या हॉलमध्ये येतो, कापडाच्या दुकानात येतो, गेल्या वर्षी तर एका परीक्षकांनीही विचारला. "तुम्हाला विज्ञानकथांचं एवढं वेड, मग तुमची अंतराळातली माणसं कायम ढगळ सुती कपड्यांत का? अंगाबरोबर बसणारा एखादा चंदेरी सूट द्या की. भविष्य वाटायला नको?" मी दरवेळी बजेटचं कारण सांगते. ते खोटं आहे. आता एकदा खरं सांगून टाकते.

मी सोवळी नाही, हे आधी सांगते. अंगाचा आकार दिसला म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली तर मुळीच नाही. उलट तो सूट मला फार आवडायचा. केबलवर 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी अंतराळमालिका लागायची तेव्हा मी गोष्टीपेक्षा कपडेच बघायचे. बटण नाही, नाडी नाही, इस्त्रीची घडी नाही. दिवसातून शंभर वेळा ओढणी सावरणाऱ्या मुलीला ते केवढं मोकळं वाटत असेल बघा. आमच्याकडे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे. आई शिंप्याला बजावायची, "माया जास्त ठेवा हं." शिवणीच्या आत दुमडलेलं ते जास्तीचं कापड पुढच्या वर्षी उसवून फ्रॉक सैल व्हायचा, आणि बाजूला जुन्या शिवणीची गडद रेघ वर्षभर दिसत राहायची. त्या रेघेची मला लाज वाटायची. पडद्यावरच्या माणसांच्या कपड्यांना अशी रेघ नव्हती.

पुढे स्वतः शिवायला लागले तेव्हा कळलं, रेघ नव्हती कारण मायाच नव्हती. लायक्राच्या, म्हणजे त्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या, शिवणीत माया ठेवता येत नाही. ठेवलीच तर बाहेरून वळ उमटतो. ओव्हरलॉक मशीनवर कडेने कापून टाकावी लागते. आज घेतलेल्या मापाला तो कपडा बसतो. उद्याच्या अंगाचा त्यात विचारच नाही.

आणि ज्यांनी तो घातला त्यांचं काय झालं? १९८७ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'च्याच 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत सगळ्यांना स्पॅन्डेक्सचे, म्हणजे लायक्रासारख्याच कापडाचे, एकसंध गणवेश होते, तेही मुद्दाम तंग, सुरकुती पडू नये म्हणून. कप्तानाचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्ट्यूअर्टची त्यात पाठ धरली, तेव्हा तिसऱ्या पर्वात रॉबर्ट ब्लॅकमन या वेशभूषाकाराने लोकरीच्या कापडाचे दोन भागांचे गणवेश आणले. पण १९९७ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या 'व्हॉयेजर' या पुढच्या मालिकेत जेरी रायन ही अभिनेत्री आली आणि तिला पुन्हा तसाच सूट, शिवाय आत कंबर आवळणारा कॉर्सेट. बाथरूमला जायचं तर मदतीला माणूस लागायचा आणि शूटिंग थांबायचं. हे तिनेच पुढे मुलाखतींत सांगितलं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बारा वर्षं झाली. कॉलेजची एकांकिका, यानाची चालक असलेली एकच मुख्य मुलगी, दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिचं नाव इथे लिहीत नाही. मी चंदेरी फॉइलचं ताणाचं कापड आणलं, गोल टोकाची सुई लावून झिगझॅग टिपेवर चार रात्री बसले, चेन पाठीत घेतली. रंगीत तालमीत चेनचा खटका दिव्यात चमकला. म्हणून प्रयोगाच्या दिवशी मी ती वरपर्यंत लावून खटका आत दुमडला आणि गळ्याची कड हाताने शिवून टाकली. दुपारी तीनला. आमचा प्रयोग साडेचारचा होता.

स्पर्धेत वेळा कशा पाळल्या जातात ते तुम्हाला माहीत आहे. पाच वाजले, सहा वाजले. सहाच्या सुमारास ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, थोडं उसवता येईल का? मला जायचंय." मी म्हटलं, "एवढ्यात नंबर लागेल गं, थांब जरा." अर्ध्या तासाने पुन्हा आली. या वेळी कानाशी येऊन म्हणाली, पाळी आली आहे. माझ्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी पट्टा होता. मी घड्याळ बघितलं. पुन्हा शिवायला पंधरा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

पडदा सव्वासातला उघडला. शेवटच्या प्रवेशात तिने प्रेक्षकांकडे पाठ करून मागच्या खिडकीतल्या ताऱ्यांकडे चालत जायचं होतं. ती वळलीच नाही. आमच्याकडे तोंड ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, ती अंधारात गेली. लोकांना वाटलं, दिग्दर्शन आहे. टाळ्या पडल्या.

नंतर बाथरूममध्ये मी कात्रीने तो सूट पाठीवरून कापला. चंदेरी कापडावर डाग लाल दिसत नाही, काळपट दिसतो. अंगावर काखेपासून मांडीपर्यंत शिवणींचे वळ होते. सकाळपासून तिने पाणी प्यायलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी दोनदा सांगितलं होतं."

त्या वर्षी वेशभूषेचं पारितोषिक मला मिळालं. मी वर जाऊन ते घेतलं. ती मुलगी पुन्हा नाटकात दिसली नाही. कारण हेच होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

तुम्ही म्हणाल, चूक तुमची, सूटचा काय दोष? हेच मीही स्वतःला वर्षभर सांगत होते. चेन पुढून लावली असती, गळा शिवला नसता, तर काही झालं नसतं. खरं आहे. पण गळा शिवावासा मला वाटला तो कशामुळे? त्या कपड्याचा आग्रहच तसा असतो. भविष्यातल्या माणसाला भूक नाही, पोट नाही, पाळी नाही, म्हातारपण नाही, असं तो सांगतो आणि शिवणारीलाही ते पटवतो. लायक्राचा धागा १९५८ मध्ये ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्सने शोधला तो बायकांच्या गर्डलमधल्या, म्हणजे पोट आवळायच्या आतल्या कपड्यातल्या, रबराला पर्याय म्हणून. पोट दाबून धरायचं कापड होतं ते.

खरे अंतराळवीर काय घालतात ते बघा. अंतराळ स्थानकात साधे टीशर्ट आणि खिशांच्या पँटी. धुण्याची सोय नाही, म्हणून मळले की कचऱ्याच्या यानाबरोबर वातावरणात जळून जातात. आणि तिथे पाठीचा कणा ताणला जाऊन उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते. म्हणजे कपडे शिवायचे ते वाढत्या अंगाचेच. हे वाचलं त्या दिवशी मला आईची फार आठवण झाली.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. यानाबाहेर जायच्या आजच्या सूटचं पृथ्वीवरचं वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं आणि आत हवा भरलेली असल्यामुळे साधी मूठ मिटायलाही जोर लागतो. म्हणून हवेऐवजी कापडानेच अंगावर दाब द्यावा, ही कल्पना पॉल वेब या अमेरिकी संशोधकांनी १९६० च्या दशकातच मांडली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात डावा न्यूमन या प्राध्यापिकेने त्यावरच काम करून २००७ मध्ये 'बायोसूट'चा नमुना दाखवला. हवेच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा दाब कापडाने द्यायचा. गुडघ्यामागे, तळहातावर, जिथे अंग आत वळतं तिथे तो सारखा बसत नाही, अडतं ते तिथे. पण ते जमलं, तर मंगळावर चालणारी बाई खरोखरच अंगाला चिकटलेल्या सूटमध्ये असेल, आणि तो तिला मोकळं करेल. म्हणजे लहानपणी केबलसमोर बसलेली मी अगदीच चुकीची नव्हते. त्या लहानपणच्या मला मी काय उत्तर देऊ?

यंदाच्या एकांकिकेतली मुलगी वीस वर्षांची आहे. तिला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मला तरीही तोच हवाय. माझं अंग आहे, मी सांभाळीन." मी म्हटलं, शिवते, पण चेन पुढून. ती म्हणते, पुढून चेन असली की पाणबुड्याचा सूट वाटतो. अजून ठरलेलं नाही.