थिंगवेट्लिर आणि रेक्यानेस: भूपट्ट दूर सरतात ती जमीन पाहताना

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून ईशान्येला सुमारे ४५ किलोमीटरवर थिंगवेट्लिर आहे. उत्तर अमेरिका आणि युरोप यांचे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे प्रचंड तुकडे, इथे एकमेकांपासून दूर सरतात. एक पाय अमेरिकेत, दुसरा युरोपात अशा फोटोच्या तयारीने येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: अशी रेषा इथे नाही. आहे ती काही किलोमीटर रुंदीची खचदरी.

वाहनतळ वरच्या हाकिद टोकाचा निवडा आणि चालत अल्मान्नाग्याउ घळईत उतरा. उजेड असताना कड्यातले लाव्ह्याचे थर मोजता येतात, पायाखालच्या तळाशी त्यांची तुलना करता येते. जमीन ताणली जाते, कवच उभ्या विभंगांवर (खोल तड्यांवर) तुटते आणि मधला तुकडा खाली बसतो. १७८९ च्या भूकंपांत हा तळ एक-दोन मीटर खचला आणि शेजारच्या तळ्याचा काठ पाण्याखाली गेला. आइसलँडमध्ये दोन्ही भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर दूर जातात. त्यातला थोडाच वाटा या दरीचा, बाकीचा पूर्वेकडच्या ज्वालामुखी पट्ट्याचा. माहितीफलक हे सहसा गाळतात.

खालून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, ढकलतो म्हणून भूपट्ट सरकतात, हाही एक गोड गैरसमज. भूपट्ट दूर ओढले जातात, खालचे गरम प्रावरण (कवचाखालचा थर) वर येते, दाब कमी होतो आणि तापमान न वाढताही खडक थोडा वितळतो. तो शिलारस भेगेत भरून थिजला की नवे कवच तयार.

थिंगवेट्लिरमधल्या पाण्याने भरलेल्या सिल्फ्रा भेगेत उतरायचे असेल, तर पाणी बारमाही २ ते ४ अंश सेल्सिअस असते हे ध्यानात ठेवा. लांगयोकुल हिमनदीचे हे पाणी लाव्ह्यातून वर्षानुवर्षे झिरपत येते, म्हणून इतके नितळ. ड्राय सूटच्या (पाणी आत न येऊ देणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाच्या) आत लोकरीचे किंवा थर्मल कपडे घाला. सुती नकोत, घामाने ओले झाले की गारठवतात. मानेच्या रबरी पट्टीत केस अडकले की तिथूनच पाणी शिरते. हातमोजे मात्र ओलेच होतात, बोटे बधिर होणार हे गृहीत धरा. मास्कखाली चष्मा बसत नाही, लेन्स लावून या. कोरडे कपडे गाडीत ठेवाच. हिवाळ्यात घळईतली वाट बर्फाने गुळगुळीत होते, बुटांना लावायचे खिळे लागतात.

दुसरा दिवस रेक्यानेस द्वीपकल्पाला द्या. समुद्रतळावरची मध्य-अटलांटिक कटक, म्हणजे पाण्याखालची डोंगररांग, इथेच जमिनीवर चढते. मिडलिनाचा छोटा पादचारी पूल हा दोन खंडांमधला पूल म्हणून ओळखला जातो, पण प्रतीक म्हणूनच. पुलाखाली उतरा, वाळूने अर्धी बुजलेली भेग तिथून नीट दिसते.

निघण्यापूर्वी आइसलँडच्या हवामान खात्याचा धोक्याचा नकाशा बघाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथे सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या भेगेत शिलारस घुसला आणि ग्रिंडाविक हे गाव रिकामे करावे लागले. ताज्या लाव्ह्यावर पाय ठेवू नका, वरची साल थंड दिसली तरी आत निखारा असतो. वारा पडला की ज्वालामुखीचे वायू खोलगट जागी साचतात, तेव्हा विसाव्याला उंचवटाच शोधा.