पावतीवरचे अडतीसशे रुपये

विधी सेवा समितीने माझ्याकडे सोपवलेले ते सायकलचोरीचे प्रकरण तसे लहानच होते. आरोपी एकोणीस वर्षांचा, गुन्हा पहिलाच, सायकलही दुसऱ्या दिवशी मालकाला परत मिळालेली. तरीही जामीन होईपर्यंत मुलाने अकरा दिवस कोठडीत काढले होते, कारण फिर्यादीत सायकलची किंमत साडेपाच हजार लिहिली होती.

जुन्या दंड संहितेत साध्या चोरीला किमतीचा भेद नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे मात्र माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, तो परत केला असेल आणि दोषसिद्धी पहिलीच असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र असतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना त्याचा तपासही करता येत नाही. किंमत त्यापुढे गेली, की तीच चोरी दखलपात्र, अजामीनपात्र आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची होते.

आरोप समजावून सांगण्याच्या तारखेला सायकलमालक व्हरांड्यात भेटले. "काका, सायकल नवी घेतली होती का?" असे विचारताच त्यांनी पाकिटातून चार घड्यांची, कडा विरलेली पावती काढली. जुनी सायकल, रुपये ३,८००. "मला नव्या सायकलीचा भाव विचारला, तो मी सांगितला. पावती कुणी मागितलीच नाही, वकीलसाहेब."

मला फार संताप आला, पण आधी मुलाशी बोलणे भाग होते. कबुली दिल्यास दोषसिद्धी नोंदली जाईल आणि पुन्हा चोरीत दोषी ठरल्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी होईल, हे मी त्याला दोनदा समजावले. "सायकल मीच नेली होती, सर," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी पावती उजेडाकडे धरून वाचली, मालकांचा शपथेवर जबाब घेतला. सरकारी वकिलांनीही हरकत घेतली नाही. सेवा कोणती आणि किती तास, हे संहितेत ठरवून दिलेले नसल्याने न्यायालयाने रुग्णालयाच्या आवाराची स्वच्छता, रोज दोन तास, पंधरा दिवस, विनामोबदला, असा आदेश दिला.

बाहेर आल्यावर मुलाने विचारले, "सर, ते अकरा दिवस यात धरले नाहीत का?" कोठडीचे दिवस फक्त कैदेच्या शिक्षेतून वजा होतात आणि त्याच्या शिक्षेत कैदच नव्हती, हे मी त्याला सांगितले.