दोडामार्ग ते बेती : आठवडा 11

रविवारी सरावात 24 किमी धावून झाले. अस्नोडा ते गिरी आणि तसाच परत. वेळ 3 तास 4 मिनिटे. शेवटच्या 5 किमीतही वेग पडला नाही, म्हणून मी खूष आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी हाच रस्ता का, ते सांगतो. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त करण्याच्या कारवाईत, 18 डिसेंबर 1961 ला सकाळी 6:30 ला भारतीय सैन्यातली शीख लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन चिलखती गाड्यांसह गोव्याच्या सीमेच्या आत आली. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडमधली ही तुकडी. अस्नोडा, थिवी करत संध्याकाळी बेतीला पोचली. पुढे मांडवी, पलीकडे पणजी. जवानांनी रात्र अलीकडच्या काठावर काढली आणि 19 ला सकाळी नदी ओलांडली. आपण ज्या रस्त्याने रोज कामाला जातो, तो हा रस्ता. येत्या 18 डिसेंबरला त्याच वेळी दोडामार्गहून निघायचं आणि साधारण 30 किमी धावत बेती गाठायची, एवढाच बेत आहे. मांडवीचा पूल घेणार नाही. ते पाण्यातून गेले, मीही फेरीबोटीनेच जाणार.

ओळखीच्यांनी दर किलोमीटरमागे पैसे कबूल केलेत. सगळी रक्कम सशस्त्र सेना ध्वज दिन निधीत जाईल. 1949 पासून 7 डिसेंबरला हा दिवस पाळतात, पण लाल, गडद निळा आणि आकाशी रंगाचा तो छोटा झेंडा छातीला लावण्यापलीकडे मी कधी काही केलं नव्हतं. वीरनारी आणि जखमी होऊन घरी आलेले जवान यांच्यासाठी हा पैसा असतो. म्हणून एक मीटरही कमी धावायचा नाही.

आता पायाचं. 17 व्या किमीला डाव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटाला फोड आला. थिवीजवळ दव एवढं होतं की बूट आतून ओले झाले. घरी पोचलो तर आमच्या वाड्यावरचे सुभेदारकाका अंगणात वाट बघत होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, एक्काहत्तरच्या लढाईतले. त्यांनी माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मला अवघडल्यासारखं झालं, पण ते ऐकेनात. मोजा उलटा करून शिवण दाखवली, बरोबर फोडाच्या जागी. "उलटा घाल रे. शिवण भायेर, पाय आत." मग बीपीईटीची, म्हणजे सैन्यातल्या शारीरिक क्षमता चाचणीची गोष्ट निघाली : लष्करी डीएमएस बूट, पाठीवर सामान, हातात रायफल आणि 5 किमी. "फोड आला म्हणून कोण थांबत नव्हता. पण फोड येऊ नये म्हणून मात्र सगळे जपायचे," म्हणाले. मग खिशातली वही काढून तारखेपुढे 24 लिहिलं. माझं प्रत्येक अंतर ते पहिल्या आठवड्यापासून लिहितायत, हे मला परवा कळलं.

मंगळवारी मोजे उलटे घालून 8 किमी केले. काहीच त्रास नाही. तुम्हीही करून बघा.

या रविवारी 27. म्हापशाहून पुढे पर्वरीचा चढ दोनदा घेणार, कारण शेवटच्या दिवशी तो थकलेल्या पायांवरच येणार आहे. पाणी सुभेदारकाका स्कूटरवरून आणतील. कोकम सरबतात मीठ किती घालायचं तेही त्यांनीच ठरवलंय. 18 ला ते बेतीच्या धक्क्यावर थांबणार आहेत, फेरीत आम्ही दोघं एकत्र चढणार.