सशाच्या लेंड्या आणि आमची कमिटी

आमच्याकडे ससे आहेत. पिंजऱ्यातून रोज निघणाऱ्या लेंड्या, खाली अंथरलेला लाकडाचा भुसा आणि उरलेलं गवत यांचं खत मी बाल्कनीत बादलीत करायचे. ते छान व्हायचं, पण भुसा इतका निघतो की बादली पुरेना. गच्चीवर ड्रम ठेवायचं ठरवलं आणि तिथेच सगळं अडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गच्ची सामाईक, म्हणून पुण्यातल्या आमच्या सोसायटीकडे रीतसर अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, "प्राण्यांची घाण गच्चीवर नको." मी समजावलं, ससा निव्वळ गवत-पाला खातो, त्याची लेंडी कोरडी असते. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंत आणि टोक्सोप्लाझ्मासारखे रोग पसरतात, ती मीही कधी खतात घालणार नाही. "मग महापालिकेचं पत्र आणा." क्षेत्रीय कार्यालयात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, घरगुती खताला असं पत्र आम्ही देत नाही. कमिटीला हे सांगितलं, तर "तेच लेखी आणा". जे पत्र निघतच नाही ते कुठून आणायचं? पुढच्या मीटिंगला विषय, मग अध्यक्ष गावाला, मग गणपती.

मला लागलं ते वेगळंच. सोसायटीच्या बागेला दरवर्षी नर्सरीतून लेंडीखताची पोती येतात. शेतात मेंढरं बसवली की शेतकरी धनगरांना धान्य देतात, ते याच लेंड्यांसाठी. मग सशानेच काय केलं?

शेवटी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत विषय घालून घेतला आणि बादलीतलं खत पेपरवर पसरून सभेत नेलं. काळंभोर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं. सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावलं. तळमजल्यावरच्या आजींनी तुळशीसाठी ओंजळभर मागितलं आणि ठराव झाला. अजूनही तो दिवस आठवला की बरं वाटतं.

कुणाला करायचं असेल तर भुसा सुताराकडून साध्या लाकडाचा मागून घ्या. प्लायवूड, एमडीएफचा नको, त्यात गोंद असतो. लघवीने भिजलेला कोपरा फेकू नका, भुसा कुजायला लागणारा नायट्रोजन तिथेच असतो. उग्र वास सुटला तर वाळलेली पानं मिसळून ढवळा. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये. नुसत्या लेंड्या गुलाबाच्या कुंडीत थेट चालतात. भुसा मात्र काळा पडेपर्यंत थांबाच. कच्चा घातला तर तो मातीतला नायट्रोजन ओढतो आणि पानं पिवळी पडतात. सशांना जंताचं औषध चालू असेल तेव्हा त्या लेंड्या गांडुळांच्या पेटीत टाकू नका.

आणि हो, अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या. "तुमचा अर्ज आलाच नाही" हे कमिटीला मला ऐकवता आलं नाही ते त्या पोचेमुळेच.